उष्टा दात

कुमुद आष्टनकरांनी दात जिभेला लावला आणि तो आत गेला. घशात नाही. कीर्तनाला उशिरा आलेला माणूस बसलेल्यांच्या ओळीत फट शोधतो, तसा तो खालच्या हिरडीवरून जरा चाचपत गेला, डावीकडच्या दोन दाढांमधे त्याला जागा सापडली, आणि तो अंग चोरून बसला. कुमुदताईंनी बोटाने हलवून पाहिला. मुळासकट बसला होता.

आश्चर्य वाटायच्या आधी त्यांना लाज वाटली.

जिभेला लावणं ही त्यांच्या कामातली खोड. जिल्ह्याच्या गावी संग्रहालयात बसून, कोणे काळी मरून गेलेल्या जनावरांचे दात ओळखायचे, हे त्यांचं काम. मगरीच्या कुळात एकेकाळी नाना तऱ्हा होत्या. काही पाण्यातल्या, काही रानातल्या, काही कोल्ह्याएवढ्या, काही बैलगाडीएवढ्या. आता कित्येकींचं दातापलीकडे काही उरलेलं नाही. माती धुवायची, चाळायची आणि मागे राहिलेल्या कचऱ्यातून ओल्या ब्रशच्या टोकाने दात वेचायचे. हाड की खडा असा संशय आला, की जिभेला लावून बघायचं. जुनं हाड जिभेला चिकटतं, खडा चिकटत नाही. आयुष्यभर त्यांनी हे केलं आणि कधी विटाळ मानला नाही. पण आज पुन्हा नीट पाहायला मागून घेतलेला हा दात संग्रहालयातला नव्हता. नांदाटोकच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात चांदीच्या डबीत ठेवलेला, रोज ज्याच्यापुढे फूल आणि साखर ठेवतात, तो हा दात. तो आता उष्टा झाला होता.

"झालं का जी पाहून?" दाराबाहेरून गुरवाच्या बायकोने, वत्सलाने हाक दिली. "डबी द्या. निवेद व्हायचा हाय."

कुमुदताईंनी रिकाम्या डबीचं झाकण दाबून लावलं आणि पदर तोंडावर धरून डबी बाहेर दिली.

"दाढ दुखते का?"

त्यांनी मान हलवली.

"लवंग धरा," वत्सला म्हणाली. रिकाम्या डबीला तिने कपाळ टेकवलं आणि ती गाभाऱ्याकडे गेली.

तोंडात शेंदूर विरघळायला लागला होता. पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि शेंदूर माखून दातावर साल चढली होती, ती आता सुटत होती. चव गंजाची होती. जीभ आपसूक कामाला लागली; तिला दुसरं काही येतच नव्हतं. काल भिंगाखाली जी करवतीसारखी धार दिसली होती, ती शेंदराच्या वाळलेल्या कणांची होती. कण गेले. खाली पानासारखा रुंद दात होता, माथ्यावर बारीक उंचवट्यांच्या ओळी, आणि त्या ओळी झिजून गुळगुळीत झालेल्या. मांस फाडणाऱ्याचा दात असा झिजत नाही. असा झिजतो तो पाला चावणाऱ्याचा.

म्हणजे काल त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं ते चूक होतं.

नांदाटोकची समजूत अशी, की तळं खणताना निघालेला हा दात गजेंद्राचा पाय धरणाऱ्या नक्राचा. कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. हत्तींचा राजा पाण्यात उतरला, मगरीने पाय धरला, बळ सरलं तेव्हा त्याने सोंडेत कमळ धरून हाक मारली, आणि नारायण सुदर्शन घेऊन धावत आले. सप्ताहाच्या शेवटच्या संध्याकाळी इथे हेच आख्यान लागतं. लाकूड चिरायच्या आरा मशीनचं गोल पातं सोनेरी रंगवून मंडपाच्या तुळईला टांगतात, हाकेच्या वेळी ते फिरवत खाली सोडतात, आणि नक्र म्हणून ठेवलेला कोहळा चिरतात. वर्षानुवर्षं असंच.

यंदा कीर्तनकार नीळकंठबुवा डिग्रसकरांनी कुमुदताईंना मुद्दाम बोलावून घेतलं. बुवांचं कीर्तन जिथे असेल तिथे ताई पिशवीत स्वतःचे टाळ घालून पोचायच्या आणि त्यांच्या मागे उभ्या राहायच्या. "ताई, एवढं जगभराच्या जनावरांचं ओळखता," बुवा म्हणाले, "आमच्या नक्राचंही एकदा नाव सांगा की." काल आरतीआधी, समईच्या उजेडात, सगळा मंडप मान उंचावून बघत असताना त्यांनी भिंग लावलं. आधी शेंदूर खरवडायला हवा होता. धुतल्याशिवाय दाताला नाव द्यायचं नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला धडा. पण देवापुढच्या वस्तूवरचा शेंदूर खरवडायला हात धजेना. त्यांनी हात जोडले आणि वरवर दिसलं ते सांगितलं: "धारेला दाते आहेत. मांस फाडणारा होता."

मंडप "नारायण, नारायण" म्हणाला. आणि ज्याचा तो दात, तो मागे चपलांपाशी बसून ऐकत होता.

गावात त्याला मामाजी म्हणत. मगरीच्याच कुळातला, पण वासराएवढा, आखूड तोंडाचा, चार पायांवर ताठ चालणारा, पाठीवर हाडाच्या पट्ट्यांची फरसबंदी. रोज कीर्तनाला येई, चपला कुणाच्या कुणाला जाऊ देत नसे, आणि कीर्तन उठल्यावर निर्माल्यातली तुळस खाऊन तळ्याकडे जाई. खालच्या जबड्यात डावीकडे त्याचा एक दात नव्हता. तो कुठे गेला हे कुणी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या सरजाबाईला मांडी घालून ताठ बसवत नसे, म्हणून ती चादरीची घडी मधे घालून मामाजीच्या पाठीला टेकून बसायची. "लई टोचते मेला," असं रोज म्हणायची आणि रोज टेकायची.

काल ताई बोलल्या आणि सरजाबाईने चादर उचलली. मग बायांनी लेकरं जवळ ओढली. आरती होईपर्यंत मामाजीच्या भोवती नुसत्या चपला उरल्या होत्या.

दुपारी मंडपात देवराव ठेंगणे शिडीवर चढून तुळईला कप्पी बांधत होते. ते देवळाचे विश्वस्त, आरा मशीन त्यांचीच. खाली नवं पातं रंग वाळायची वाट बघत होतं. चौरंग रिकामा होता.

"कोहळा नाही आणला?" कुमुदताईंनी पदराआडून विचारलं.

"कोहळा कायले जी?" देवराव वरून म्हणाले. "नक्र भेटत नव्हता म्हणून कोहळा कापत होतो. आता भेटला. तुमच्याच तोंडानं सांगतलं ना?"

"मामाजीला?"

"मामाजी कोन? नक्र म्हणा."

शिडी धरून उभे असलेले दोघे हसले. कुमुदताईंच्या जिभेवर शब्द आला. 'चुकले.' एवढाच. बाकीचं वाक्य त्याच्या मागोमाग चालत आलं असतं. पण शिडीवरून देवराव बघत होते, खालून ते दोघे बघत होते, आणि हीच माणसं काल त्यांच्या पाया पडली होती.

"पात्याला वजन फार आहे," त्या म्हणाल्या. "दोर नीट बघा."

"शहाण्या बाईले सगळ्याची काळजी," देवराव खुश होऊन म्हणाले.

शब्द गिळला गेला तसा त्यांचा खालचा एक दात सुटला आणि अलगद तळहातावर पडला. रक्त नव्हतं. रिकाम्या जागी दुसरा आला. पानासारखा, ओळींचा, झिजलेला. त्यांनी आपला दात पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

बुवा धर्मशाळेच्या ओट्यावर कोमट पाण्याने घसा शेकत बसले होते. त्यांनी सतरंजी झटकून ताईंना जागा केली.

"चेहरा का उतरला? या. मिरी घ्या." बुवांनी पुडी पुढे केली. "ताई, काय सांगू, रात्रभर झोप नाही. इतकी वर्षं मी नक्र म्हणत होतो, तो नुसता शब्द होता. तुमच्या दाखल्याने त्याला तोंड मिळालं. अख्खा उत्तररंग नव्याने बांधलाय. आज लोक थरथरतील बघा."

बुवांच्या डोळ्यांत लहान मुलासारखा आनंद होता. ज्या माणसाच्या गळ्यातून नारायणाचं नाव ऐकून आपण इतक्यांदा रडलो, त्याच्या ताटात आपण खडा वाढलाय, हे कुमुदताईंना दिसत होतं. शब्द पुन्हा जिभेवर आला.

"सूर जरा खाली लावा, बुवा," त्या म्हणाल्या. "हवा दमट आहे."

या खेपेला वरचे सुटले. पदराची गाठ जड झाली.

मामाजीला कडुनिंबाला बांधलं होतं. दोर गळ्यात सैल होता. त्याने ओढून पाहिला नसावा. पुढचा एक पाय त्याने तोंडावर धरला होता, बाई पदर धरते तसा. कालपासून तो असाच बसला आहे, असं वत्सला म्हणाली, पाणी पितानाही पाय काढत नाही.

कुमुदताई त्याच्यासमोर खाली बसल्या. दोघांनी तोंडं झाकलेली होती.

"तुमचा दात माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "उष्टा झाला. काढून देता येत नाही."

"राहू द्या जी. आमाले नवा येते. पडला का येते, जलमभर येत राह्यते." त्याचा आवाज पायाआडून जाडसर येत होता. "दाताचं काही नाही."

"मग?"

त्याने चपलांच्या जागेकडे मान वळवली.

"सरजाबाई काल टेकली नाही," तो म्हणाला. "मी तिचं काय खाल्लं?"

कुमुदताईंनी त्याच्या समोर पडलेला कडुनिंबाचा पाला पाहिला. पुढच्या दातांनी देठापासून खुडलेला, दाढांखाली वाटून गोळा झालेला. काल भिंगाऐवजी हा पाला पाहिला असता तरी पुरे होतं.

"संध्याकाळी सांगते मी सगळ्यांना."

"काय सांगता?"

तिथे तिसरं कुणी नव्हतं. झाड होतं आणि तो. तरी शब्द दातांपर्यंत येऊन थांबला.

"सांगते," त्या म्हणाल्या.

तेव्हा त्यांचे उरलेले सगळे दात एकदम सुटले. ओंजळ भरली, आणि तोंडही पुन्हा भरलं. मामाजीने तोंडावरचा पाय जरा बाजूला केला. आत नुसत्या हिरड्या होत्या, मऊ, पोरासारख्या. त्याने पाय परत होता तसा ठेवला.

दिवे लागले आणि बुवा उभे राहिले. पेटी, तबला, मागे कुमुदताई. टाळ वाजवायला दोन्ही हात लागतात आणि तोंडावर पदर धरायला एक. त्यांनी ओठ घट्ट मिटले. आतले दात इतके रुंद होते, की ओठ मिटले तरी गाल बाहेर येत होते. गजर आला तेव्हा त्या फक्त हनुवटी हलवत राहिल्या. आजवर त्यांनी नामाचा एकही गजर मुक्याने काढला नव्हता.

पहिल्या गजराला मंडपाचे खांब एक पाऊल आत आले. लोकांनी गुडघे आवळले. दुसऱ्या गजराला आणखी एक. "सरका, सरका, देवाच्या जवळ सरका," कुणीतरी म्हणालं आणि सगळे सरकले.

बुवांचा पूर्वरंग नामावर होता. "एका गावी एक म्हातारा होता," बुवा सांगत होते. "त्याला देवाचं नावच आठवेना. राम की श्याम, काही केल्या आठवेना. मग तो ओरडला, 'ओ वरच्या मजल्यावरचे!' आणि देव खाली आला ना, बाप्पा! म्हणाला, 'काय पाहिजे? भाडं मागायला तर नाही ना बोलावलं?'"

मंडप खदखदून हसला. बुवांनी चिपळ्या थांबवल्या आणि आवाज मऊ केला. "देव उच्चार बघत नाही. हाक बघतो. त्याचं नाव चुकलं तर तो चुकीचं नाव घेऊनसुद्धा धावत येतो."

बायांनी डोळे पुसले. एरवी कुमुदताईंनीही पुसले असते. देवाचं नाव चुकलं तर देव सांभाळून घेतो, हे त्यांना मनापासून पटत होतं. पण ज्याचं नाव चुकल्यामुळे त्याच्या गळ्यात दोर पडला, त्याने काय करायचं, हे बुवा सांगतील म्हणून त्या वाट बघत राहिल्या. बुवांनी अभंग धरला.

मध्यंतरात बुवांना बुक्का लावला आणि तुळशीचा हार घातला. हिरवागार, मांडीपर्यंत लोंबणारा. वास सगळ्या मंडपात सुटला. मंडप आता एवढासाच राहिला होता. कुमुदताईंच्या पायाशी चौरंग लागत होता आणि डोक्यावर सोनेरी पातं.

उत्तररंगात हत्ती पाण्यात उतरला. देवरावांनी मामाजीला दोराने आणून चौरंगापाशी बसवलं. तो आला. तीन पायांवर आला, कारण चौथा तोंडावर होता. पुढच्या ओळीतल्या बायांनी पाय आखडले, पण आखडायला जागा उरली नव्हती.

"धरला हो, धरला पाय!" बुवा गर्जले. "कसा धरला? काय दात असतील ते! करवत, करवत! मी सांगत नाही, आपल्या कुमुदताई सांगतात. ताई, या पुढे. तुमच्या तोंडाने एकदा ऐकू द्या मायबापांना."

वर कप्पी करकरली. पातं फिरायला लागलं.

कुमुदताईंनी तोंड उघडलं.

शब्द आला होता, या वेळी पुरता आला होता. 'चुकले.' पण ते जबडे बोलण्यासाठी नव्हते. ते मागे-पुढे सरकले, पुन्हा मागे-पुढे सरकले, आणि दातांवर दात घासल्याचा आवाज तेवढा झाला. समईच्या उजेडात सगळ्यांनी सगळे दात पाहिले. वत्सलाने कमरेला खोचून आणलेली चांदीची डबी काढली, झाकण उघडलं, आत बघितलं आणि झाकण लावलं.

लाजेने माणूस जमिनीत जातो म्हणतात. कुमुदताईंना ती सोय नव्हती. खाली सतरंजी होती आणि सतरंजीवर माणसं. त्यांनी टाळ चौरंगावर ठेवले. बुवांच्या गळ्यातल्या हाराला हात घातला. ताईंना प्रसाद हवा असेल असं वाटून बुवांनी मान वाकवली, आणि हार सुटून त्यांच्या हातात आला.

त्या खाली बसल्या आणि खायला लागल्या. पुढच्या दातांनी तुळस खुडायची, मागे ढकलायची, दाढांखाली वाटायची. ओळी ओळींमधे बरोबर बसत होत्या. पाट्यावर वरवंटा फिरावा तसा आवाज त्या गच्च मंडपात चालू राहिला. हनुवटीवरून हिरवा रस गळत होता. त्यांनी वर पाहिलं नाही. जे सांगायचं होतं ते त्या एवढ्याच पद्धतीने सांगू शकत होत्या, आणि सगळ्यांना दिसेल असं, सावकाश, नीट चावून सांगत होत्या.

देवराव वाकले. त्यांनी मामाजीचा पाय तोंडावरून ओढून बाजूला केला आणि बोट आत घालून डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवलं.

"याच्या तोंडात तं एकबी दात नाही," ते म्हणाले.

"मग नक्र कोन?" मागून कुणीतरी विचारलं.

देवरावांनी मामाजीच्या गळ्यातला दोर सोडला. मामाजी उठला, पाय उचलणाऱ्या माणसांमधून वाट काढत चपलांपाशी गेला आणि निर्माल्याच्या टोपलीत तोंड घालून हिरड्यांनी पानं चघळू लागला. ती तुटत नव्हती. देवराव दोर हातात घेऊन उभे राहिले. फास तसाच होता, सैल, माणसाच्या मानेला पुरेल एवढा.

"बुवा, थांबा," तबलजी हळूच म्हणाला.

"कथा अर्धी सोडता येत नाही, बाप्पा," बुवा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात चिपळ्या वाजवत होते. हत्तीने कमळ उचललं. हत्तीने हाक मारली. मंडपाने हाकेला हाक दिली आणि खांब आणखी एक पाऊल आत आले. सोनेरी पातं फिरत फिरत उतरत होतं. त्याचा वारा कुमुदताईंच्या केसांना लागला. त्यांनी हाराचा दुसरा पदर खुडला आणि चावायला घेतला.

तेवढ्यात मागच्या ओळीतून सरजाबाई उठली. लोकांच्या खांद्यांना धरत, "सरका गा, सरका," करत ती पुढे आली. देवरावांना तिने दोरासकट बाजूला केलं. चादरीची घडी घातली, ती मामाजीच्या पाठीला लावायची तशी कुमुदताईंच्या पाठीला लावली, हाताने दाबून पाहिली, आणखी एक घडी घातली.

"हलू नका जी," ती म्हणाली आणि पात्याखालीच टेकून बसली. "लई टोचते."